उतरंड कोणी रचली?

श्रोतेहो, आपल्याकडे जुन्या घरांतून मडक्यांची उतरंड असे. तळाशी मोठं मडकं, त्यावर मध्यम, सर्वांत वर लहानसं. वरच्याला भाराची जाणीवच नसते. खालच्याला मात्र सगळ्यांचा भार सोसावा लागतो. जगातले बहुतेक समाज असेच थरावर थर रचलेले आढळतात. ही उतरंड निसर्गाने रचली की माणसाने, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पाड्यावरून आमच्या कॉलेजात येणाऱ्या एका मुलाने वर्गात मला विचारलं, "सर, गरीब-श्रीमंत सगळीकडेच असतात. मग त्यात शिकायचं ते काय?" प्रश्न साधा, पण टाळण्यासारखा नव्हता.

उच्चनीचता सगळीकडे असते हे खरं. पण ती सगळीकडे एकाच दोरीने बांधलेली नसते. अमेरिकेच्या दक्षिण भागात माणूसच मालकाची मालमत्ता होता. ती गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. रशियात शेतकरी जमिनीला जखडलेला होता. त्याला १८६१ मध्ये मोकळीक मिळाली. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीपर्यंत धर्मगुरू, सरदार आणि बाकीची प्रजा अशा तीन श्रेणी होत्या, आणि कराचा बोजा मुख्यतः तिसरीवर होता. आपल्याकडची दोरी जन्माची. जातिव्यवस्था ही नुसती कामांची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, असं डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये मांडलं. प्रत्येकाला आपल्याखाली कोणीतरी दिसतो, म्हणून सगळे मिळून वरच्या भाराविरुद्ध उभे राहत नाहीत.

आता जरा आपल्या भागाकडे पाहू. चिंचणीच्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे चालू लागा. आधी मांगेल्यांच्या होड्या लागतात, मग बागा-वाड्या, मग वाणगावचं स्टेशन, आणि पुढे डोंगराच्या बाजूला वारल्यांचे पाडे. याच डहाणू-उंबरगाव भागात शंभर वर्षांपूर्वी 'लग्नगडी' नावाची माणसं होती. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी कर्ज काढून त्यापायी सावकाराचा गडी झालेला माणूस. तो राबायचा, पुष्कळदा त्याची बायकोही राबायची, आणि कर्ज मात्र फिटत नसे. सरकारसाठी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ मध्ये दिलेल्या अहवालात या प्रथेची नोंद आहे. शिवाय कुळांना वेठ असे. मालकाचं बोलावणं आलं की स्वतःचं शेत टाकून त्याच्या शेतावर फुकट राबायचं.

हे लोक मुळात असे नव्हते. जंगल सरकारने राखीव केलं आणि जमिनी सावकाराच्या घरात गेल्या. पावसाळ्यात पोटाला भात हवं, म्हणून खावटी काढावी लागे. समजा, आषाढात एक मण भात आणलं आणि दिवाळीनंतर दिढीने दीड मण फेडलं. चार-पाच महिन्यांत शेकडा ५० व्याज झालं! आणि वही सावकाराची, लिहिणारा सावकार, अंगठा तेवढा वारल्याचा. सावकार-जमीनदार एकाच जातीचे किंवा धर्माचे होते असंही नाही. जमीन आणि वही ज्याच्या हाती, तो वर. इतका सरळ हिशेब होता.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. १८४३ च्या कायद्यानेच हिंदुस्थानात गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली होती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने लग्नगडी स्वतंत्र होता! रशियातल्या मोकळ्या झालेल्या शेतकऱ्यालाही जमिनीची किंमत वर्षानुवर्षं हप्त्याने फेडावी लागली, आणि अमेरिकेतला मुक्त झालेला काळा माणूस वाट्याची शेती करता करता दुकानदाराच्या उधारीत अडकला. लोखंडाची बेडी तुटली, तरी कर्जाची राहिली.

मग ती तुटली कशी? २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. वेठ करायची नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि पाड्यापाड्यांतून लग्नगडी मोकळे होऊ लागले. मग मजुरीचा प्रश्न आला. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या, ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला. पाच माणसं मेली. त्यांत जेठ्या गांगड होते. तरीही वेठ परत आली नाही. पुढे १९४८ चा कुळकायदा झाला, १९५० च्या राज्यघटनेने वेठबिगारीला बंदी घातली, आणि १९७६ मध्ये वेठबिगारी नाहीशी करणारा वेगळा कायदा झाला. माणसं एकत्र उभी राहिली, म्हणून इथे कागदावरच्या स्वातंत्र्यात जीव आला.

हे सारं मी वर्गात सांगितलं. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा येऊन हळूच म्हणाला, "सर, आजी सांगते, तिचे आई-बाप लग्नगडी होते. आम्ही आता जमिनीचे धनी आहोत, पण दिवाळीनंतर बाप उचल घेऊन वीटभट्टीवर जातो. किती फिटली, ते मुकादमाच्या वहीत असतं."

मला उत्तर सुचेना. मग आम्ही दोघांनी बसून त्याच्या बापासाठी एक छोटी वही आखली. त्यात तारीख, विटा, मजुरी, खर्चीला घेतलेले पैसे आणि बाकी, अशी घरं पाडली.

गुरुजी, बाई, तुमच्या शाळेतही अशी मुलं असतील. व्याजाचं गणित शिकवताना खावटीचं आणि उचलीचं उदाहरण फळ्यावर मांडा. आणि गावकरी मंडळी, कामावर निघताना हिशेबाची एक वही आपलीही ठेवा, आणि ती एकट्याने नव्हे, चारचौघांनी मिळून वाचा. उतरंड माणसाने रचलेली आहे. म्हणूनच ती माणसाला उतरवताही येते. मात्र खालच्या मडक्यावर किती भार आहे, ते आधी मोजता आलं पाहिजे.