पावसातून समुद्राला पोचणारे धातू

चांदे गावच्या शिवारात पडलेले पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांतून मुळेला मिळते. पुढे मुळा-मुठा, भीमा आणि कृष्णा अशा वाटेने ते बंगालच्या उपसागराकडे जाते. त्याच मुळशी तालुक्यात टाटांच्या धरणाने अडविलेले पाणी मात्र घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत पडते व अरबी समुद्र गाठते. दोन्ही वाटांनी सह्याद्रीची माती वाहत जाते आणि या मातीत लोह विपुल असते. तेव्हा समुद्राला लागणारे लोह नद्याच पुरवीत असतील, असे कोणालाही वाटेल. किनाऱ्यालगत ते पुष्कळसे खरेही आहे. भर समुद्रात मात्र ही वाटणी निराळी असते, आणि तेथे आकाशाचा वाटा केवढा मोठा आहे, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

नदीच्या पाण्यातले लोह बहुतेक अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत असते. हे कण परस्परांना दूर सारतात, म्हणून खाली बसत नाहीत. मुखाशी खारे पाणी मिसळले, की क्षारांमुळे ही दूर सारण्याची शक्ती नाहीशी होते. दूध नासावे तसे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात व त्या खाडीच्या तळाशी बसतात. नदीने शेकडो मैल वाहून आणलेल्या लोहाचा फार मोठा भाग असा उंबरठ्यावरच राहतो.

भर समुद्रातील एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; परंतु पृष्ठभागाजवळ विरघळलेले लोह बहुधा एका ग्रॅमचा कोट्यंशही भरत नाही. इतक्या अल्प वस्तूचे महत्त्व ते काय, असे कोणी विचारील. समुद्राच्या वरच्या, उजेडाच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात. त्यांना वनस्पती-प्लवक म्हणतात. त्यांवर बारीक जीव जगतात, त्यांवर मासे आणि माशांवर आपण. या वनस्पतींना नत्र व स्फुरद पुष्कळ लागतो, लोह अगदी चिमूटभर लागते. पण ती चिमूट मिळाली नाही, तर बाकीचे खत असून नसल्यासारखे होते. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८० नंतरच्या दशकात ही गोष्ट आग्रहाने मांडली. त्यापूर्वीची मोजमापे फसवी होती, कारण लोखंडी जहाजाचा आणि भांड्यांचा अंश नमुन्यात मिसळून आकडे फुगत असत.

आता आकाशाकडे वळू. अरबस्तान व थर येथील वाळवंटांतून उठलेली धूळ वाऱ्याबरोबर अरबी समुद्रावर येते. तीत शहरांचा, कारखान्यांचा आणि जाळलेल्या पाचोळ्याचा धूर मिसळतो. धुळीतून लोह व ॲल्युमिनियम येते; धुरातून जस्त, तांबे आणि शिसे. यांतले काही कण कोरडेच पाण्यावर पडतात, काही ढगातील थेंबांत शिरतात, आणि उरलेल्यांना खाली येणारा पाऊस वाटेत गोळा करतो. सरीच्या आरंभीचे पाणी सर्वांत गढूळ असते ते यामुळेच.

धूळ आणि पाऊस यांत एक महत्त्वाचा फरक आहे. कोरड्या धुळीतले लोह दगडात कोंडलेले असते. त्याचा थोडाच अंश वनस्पतींच्या उपयोगी पडतो. ढगातला थेंब मात्र बहुधा किंचित आम्ल असतो. स्वच्छ हवेतील कार्बन डायऑक्साइडनेही पाण्याचा सामू ५.६ पर्यंत उतरतो, तर समुद्राचा सुमारे ८.१ असतो. आम्ल थेंबात कण भिजत राहिला, की त्याच्यातले लोह सुटू लागते, आणि सूर्यप्रकाश त्यास हातभार लावतो. येथे आपल्या प्रदेशाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. चांद्याहून फार दूर नसलेल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी पुणे व सिंहगड येथील पावसाच्या पाण्याची परीक्षा केली. मातीतल्या चुन्यामुळे आपल्याकडे पावसाची आम्लता पुष्कळदा मारली जाते, असे त्यांना आढळले. म्हणजे लोह सुटेल किती, हे धूळ किती आहे यावरच नव्हे, तर तिच्याबरोबर चुना किती आणि आम्ल धूर किती, यावरही ठरते.

पावसाचे पाणी गोडे, म्हणून हलके. वारा ते घुसळीपर्यंत ते वरच तरंगते. त्यामुळे त्यातले धातू नेमके उजेडाच्या थरात उतरतात. एक चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे एक कोटी लिटर पाणी. दर लिटरला लोहाचे दहा कोट्यंश ग्रॅम धरले, तरी एका सरीत दहा ग्रॅम लोह पडले. वनस्पती-प्लवकांत एका लोह-अणूमागे कार्बनचे हजारो, कधी लाखो अणू असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हे दान क्षुल्लक वाटत नाही.

ओमानसमोरच्या समुद्रात पावसाळ्यात खालचे नत्रयुक्त पाणी वर येते. तरीही मोसमाच्या उत्तरार्धात तेथे वनस्पतींची वाढ अपेक्षेहून कमी राहते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे कारण लोहाची टंचाई असे दिले. त्या भागात पाऊस थोडा, म्हणून आकाशातून येणारे लोह मुख्यतः कोरड्या धुळीचे. आपल्या किनाऱ्याच्या बाजूस मोसमी सरी धो धो कोसळतात. तेथे पावसाची वाट मोठी.

परंतु पाऊस निवड करीत नाही. हवेत जे असेल ते तो खाली आणतो. तांबे अधिक झाले तर याच वनस्पतींना विष ठरते. शिशाने कोणाचेच पोषण होत नाही. पेट्रोलमध्ये शिसे मिसळले जात होते त्या काळात मोटारींच्या धुरातले शिसे महासागरांवर पडत राहिले. ते तळापेक्षा पृष्ठभागी अधिक सापडले, हाच ते वरून आल्याचा पुरावा होय. पुढे देशोदेशी ते पेट्रोल बंद होऊ लागले. भारतात २००० साली झाले. अटलांटिकमध्ये बर्म्युडाजवळ पृष्ठभागाच्या पाण्यातील शिसे त्यानंतर घटत गेलेले मोजमापांत दिसले आहे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. समुद्र आपल्यापासून दूर असला, तरी आपल्या चुलीच्या, भट्टीच्या आणि गाडीच्या धुराला तो दूर नाही. नदी आपला मळ मुखाशी पुष्कळसा टाकून देते; पाऊस मात्र हवेतला मळ थेट भर समुद्रात नेऊन पोचवितो. म्हणून समुद्राची काळजी घ्यावयाची तर ती गावच्या हवेपासूनच सुरू केली पाहिजे.