वड्याचे तेल आणि जगाचा बाजार

२०२४ सालच्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका गावचा आठवडी बाजार होता. एक शेतकरी आडतीवर सोयाबीनची चार पोती घालून, पट्टी करून, पैसे खिशात ठेवून किराणा दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. सणाच्या यादीत पहिले नाव तेलाचे. भाव ऐकून ते म्हणाले, "शेठ, मागच्या महिन्यापेक्षा वीस रुपये जास्त लावता की हो! आणि आमच्या सोयाबीनला तर हमीभावसुद्धा मिळेना."

दुकानदार म्हणाला, "काका, माझ्या हातात काय आहे? तेल बोटीनं येतंय. तिकडं वाढलं की इकडं वाढतं."

काकांनी पिशवी उचलली आणि ते निघाले. सकाळी त्यांनी तेलबी विकली होती आणि दुपारी तेल विकत घेतले होते. पण ते तेल त्यांच्या बियांचे नव्हते. ते होते पामतेल, इंडोनेशिया किंवा मलेशियातल्या एखाद्या मळ्यातून समुद्रावाटे आलेले. बी स्वस्त आणि तेल महाग, हा काय प्रकार? श्रोते हो, आज याच प्रश्नाचा उलगडा करण्याचा माझा प्रयत्न आहे. जागतिकीकरण हा शब्द आपण गेली तीस-पस्तीस वर्षे ऐकतो आहोत. तो कारखान्यांचा, परदेशी गाड्यांचा, संगणकांचा शब्द आहे अशी आपली समजूत असते. पण तो आपल्या फोडणीतही आहे.

आधी थोडा हिशेब. आपल्या देशाला वर्षाला सुमारे अडीच कोटी टन खाद्यतेल लागते. त्यातले निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो. पामतेल येते इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीनचे तेल येते अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, आणि सूर्यफुलाचे येते मुख्यतः रशिया आणि युक्रेनमधून. म्हणजे आपल्या वड्याचे तेल कमीत कमी तीन खंडांतून गोळा झालेले असते.

हे नेहमीच असे नव्हते. आपल्याकडे गावोगाव तेलघाणे होते. शेंगदाणा, करडई, तीळ, जवस, कारळे ही आपली गळिताची धान्ये. बैल फिरत, लाट करकरत असे, तेल घरी जाई आणि पेंड गोठ्यात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तर आपला देश तेलबिया बाहेर पाठवीत असे. पुढे लोकसंख्या वाढली, खाणे वाढले आणि तेल अपुरे पडू लागले. मग सरकार स्वतः परदेशी तेल आणून रेशनच्या दुकानांतून वाटू लागले. ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना रेशनचे पामतेल आणि त्यासाठी लावलेली रांग आठवत असेल.

या परावलंबनातून सुटण्यासाठी १९८६ साली केंद्र सरकारने तेलबियांची एक खास मोहीम सुरू केली. चांगले बियाणे, खत, आधारभूत किंमत आणि खरेदीची हमी, अशी तिची योजना होती. १९८५-८६ साली देशात तेलबिया पिकल्या होत्या एक कोटी टनांच्या थोड्या वर. १९९४-९५ पर्यंत हा आकडा दोन कोटी टनांच्या पुढे गेला. नव्वदीच्या सुरुवातीस आपली बहुतेक गरज घरच्या तेलावर भागू लागली होती. आपला शेतकरी तेल पिकवू शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही आठ-नऊ वर्षे जरूर आठवावीत.

मग दार उघडले. १९९४ साली पामोलिन तेल खुल्या परवान्यावर आणण्याची मुभा मिळाली आणि त्यावर ६५ टक्के आयात जकात बसली. पुढच्या वर्षी ही जकात ३० टक्के झाली, १९९८ मध्ये १५ टक्के. दोन-चार लाख टनांवर आलेली आयात त्या दशकाच्या अखेरीस चाळीस लाख टनांच्या पुढे गेली. त्यानंतर २००१ च्या सुमारास जकात पुन्हा सत्तर टक्क्यांच्या पुढे चढली, आणि २००८ मध्ये जगात महागाई भडकली तेव्हा कच्च्या तेलावर ती शून्यावर आली. विहिरीच्या रहाटासारखा हा चढउतार आजवर चालू आहे.

तुम्ही म्हणाल, जागतिक व्यापार संघटनेने आपले हात बांधले असतील. पण तसे पूर्णपणे नाही. त्या करारात प्रत्येक देशाने आपापल्या जकातीची कमाल मर्यादा कबूल केली आहे. सोयाबीन तेलावर आपली मर्यादा ४५ टक्के आहे, पण पामतेलावर तब्बल ३०० टक्के. म्हणजे जकात किती असावी हे बव्हंशी दिल्लीतच ठरते. दार कराराने उघडले, पण कडी आपल्याच हाती राहिली.

आता पामतेल इतके स्वस्त का, तेही पाहू. यात कोणाची लबाडी नाही. पाम हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. १८४८ साली त्याची चार रोपे जावा बेटावरच्या बागेत लावली गेली आणि पुढे सुमात्रा व मलाया भागात त्याचे मळे उभे राहिले. भरपूर पाऊस, बारमाही ऊब, त्यामुळे फळांचे घड वर्षभर उतरतात. हेक्टरी तीन ते चार टन तेल सहज मिळते. आपल्याकडे सोयाबीन निघते हेक्टरी साधारण एक टन आणि त्यात तेल असते अवघे अठरा टक्के, म्हणजे जेमतेम १८० किलो. तीन टनांची गाठ १८० किलोशी पडली, तर कोण जिंकणार हे सांगायला नको.

या स्वस्ताईचा फायदाही झाला आहे, तो कबूल केला पाहिजे. एके काळी गोरगरिबांच्या घरी तळण म्हणजे सणाची चैन होती. आज आपल्या देशात वर्षाला माणशी सुमारे एकोणीस-वीस किलो तेल खपते. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात रवा, चणाडाळ आणि साखरेबरोबर एक लिटर पामतेल होते. त्या लाखो घरांतल्या करंज्या परदेशी तेलात तळल्या गेल्या आणि गोड लागल्या. भूमिहीन मजूर, शहरातला हमाल, भज्यांची गाडी लावणारी बाई यांना तेल फक्त विकत घ्यायचे असते. त्यांच्या दृष्टीने उघडे दार हीच सोय.

पण बाजारातले ते काका? ते विकतातही आणि घेतातही. त्यांचा हिशेब उदाहरणासाठी मांडून पाहू. घरात महिन्याला पाच किलो तेल लागते असे धरा. तेल किलोमागे वीस रुपयांनी स्वस्त झाले तर वर्षाला बाराशे रुपये वाचले. त्यांच्याकडे दोन हेक्टर सोयाबीन आहे आणि वीस क्विंटल माल होतो असे धरा. क्विंटलमागे पाचशे रुपये कमी मिळाले तर दहा हजार गेले. बाराशे मिळाले आणि दहा हजार गेले! देशाचा सरासरी हिशेब मांडणारे म्हणतात की, जागतिकीकरणाने एकंदरीत लाभ झाला. तो खोटा नसेल. पण सरासरी कोणाच्या घरी राहत नाही. लाभ एका घरी जातो आणि तोटा दुसऱ्या. कधी कधी, जसे या काकांच्या बाबतीत, दोन्ही एकाच घरी येतात आणि तोट्याचे पारडे खाली बसते.

महाराष्ट्रात आज सोयाबीनचे क्षेत्र चाळीस लाख हेक्टरांहून अधिक आहे. तेव्हा हा प्रश्न एकट्या काकांचा नाही. आणि या पिकाचे दुखणे निव्वळ तेलाचेही नाही. एक क्विंटल सोयाबीन गाळले की अठरा किलो तेल आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड निघते. ही पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशी जाते आणि तिथे तिला अर्जेंटिना व ब्राझीलच्या स्वस्त पेंडीशी टक्कर द्यावी लागते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. कोंबडीपालकांनी ओरड केली. त्यांचीही अडचण खरी होती. त्याच महिन्यात सरकारने बारा लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला होता. दहा हजारांच्या आशेने राखलेले पीक काकांनी निम्म्या भावात विकले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने शेतकऱ्याला आधार म्हणून कच्च्या तेलावरची जकात साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेली. तेल लगेच महागले. पण पेंडीचे भाव जगभर पडलेले होते, म्हणून सोयाबीन काही वर आले नाही. हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि मोंढ्यात बहुतेक माल त्याच्या बराच खाली जात होता. गिऱ्हाईक म्हणून काकांना जास्त पैसे मोजावे लागले आणि शेतकरी म्हणून हाती काही आले नाही. मग ३० मे २०२५ रोजी, पेरणीच्या तोंडावर, ही जकात साडेसोळा टक्क्यांवर उतरवली गेली. शहरात महागाई दिसली की जकात उतरवायची आणि शेतकरी ओरडला की चढवायची, हे वड्याचे तेल वांग्यावर काढण्यासारखे झाले.

व्यवसायांचेही चित्र पालटले. परदेशी कच्चे तेल बोटीने येते, तेव्हा ते शुद्ध करण्याचे मोठे कारखाने कांडला, मुंद्रा, मंगळूर, काकीनाडा अशा बंदरांच्या आसऱ्याने वाढले. आतल्या मुलुखातल्या गिरण्या पुरेशा मालाअभावी वर्षातले बरेच दिवस थंड राहू लागल्या. गावचा घाणा तर केव्हाच थांबला होता. आता पुण्या-मुंबईत 'लाकडी घाण्याचे तेल' म्हणून तो पुन्हा दिसतो, पण त्याचा भाव गावच्या माणसाला झेपणारा नाही.

मग यात इंडोनेशियाचे फावले म्हणावे, तर तिकडचीही कथा ऐकण्यासारखी आहे. त्या देशाने एक गोष्ट हुशारीने केली. २०११ पासून कच्च्या तेलाच्या निर्यातीवर जास्त कर आणि शुद्ध केलेल्यावर कमी, असा फरक वाढवला. त्यामुळे कारखाने आणि मजुरी त्यांच्या देशात राहिली. पण त्याच मळ्यांपायी सुमात्रा आणि बोर्निओची जंगले मोठ्या प्रमाणावर तुटली. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध पेटले, सूर्यफुलाचे तेल अडकले आणि पामतेल कडाडले. जगाला तेल पुरवणाऱ्या त्या देशात स्वतःच्याच लोकांना तेलासाठी रांगा लावाव्या लागल्या. तेव्हा सरकारने २८ एप्रिलला निर्यातच बंद केली. आपल्याकडे दुकानदारांची धांदल उडाली. तिकडे गिरण्यांनी फळांचे घड घेणे कमी केले, भाव कोसळला, आणि मे महिन्यात तिथल्या शेतकऱ्यांनी राजधानी जाकार्तात मोर्चा काढला. २३ मे रोजी बंदी उठली. तिथला पाम उत्पादक आणि इथला सोयाबीन उत्पादक एकमेकांना ओळखत नाहीत. पण दोघांचे गाऱ्हाणे एकच आहे: भाव आपल्या हातात नाही आणि सरकारचा हुकूम कधी येईल याचा नेम नाही.

श्रोते हो, दार पुन्हा बंद करा असे मी म्हणत नाही. ते शक्य नाही. उद्या आयात थांबली तर सर्वांत आधी त्या हमालाचे आणि भजीवालीचे हाल होतील. पण उघड्या दारालाही उंबरठा असतो. जकातीचे धोरण पेरणीच्या आधी जाहीर व्हावे आणि सुगी संपेपर्यंत पाळले जावे, एवढे तरी शेतकऱ्याने मागितले तर ते वावगे नाही. जकातीतून जो पैसा तिजोरीत येतो, त्यातला वाटा तेलबियांच्या सुधारलेल्या बियाण्यांवर आणि हमीभावाच्या खरेदीवर खर्च व्हावा. नाहीतर भार गिऱ्हाइकावर पडतो आणि आधार कोणालाच मिळत नाही. आणि तेल महागेल तेव्हा गरिबाला ते रेशनवर स्वस्त मिळावे, म्हणजे त्याच्या नावाने शेतकऱ्याचा भाव पाडण्याची पाळी येणार नाही. १९८६ च्या मोहिमेत बियाणे, भाव आणि खरेदी ही तिन्ही एकत्र होती, म्हणून ती फळाला आली. एकटी जकात हे काम करू शकत नाही, हे २०२४ च्या दिवाळीने दाखवून दिले आहे.

थोडे आपल्याही हातात आहे. डॉक्टर सांगतात त्याहून कितीतरी जास्त तेल आपण खातो. ते थोडे आवरले तर प्रकृतीला बरे आणि परदेशी हुंडणावळीचीही बचत. आणि जिथे करडई, जवस, तीळ, शेंगदाणा अजून पिकतो, तिथे महिन्याला एक किलो का होईना, जवळच्या घाण्यावरून घेऊन पाहावे.

पुढच्या खेपेला तेलाची पिशवी कापण्याआधी तिच्यावरची बारीक अक्षरे जरूर वाचा. आणि सोयाबीनची पोती घेऊन बाजारात आलेल्या त्या काकांना आज काय भाव मिळाला, तेही एकदा विचारा.