कापडाचे तागे आणि खांद्याचे दुखणे

रमजानचा सीझन आला की नांदेडच्या वजिराबादेत काय अन् लातूरच्या गंजगोलाईत काय, आम्ही कापडवाले रात्री उशिरापर्यंत गादीवर असतो. एका गिऱ्हाइकासाठी वीस-वीस तागे वरच्या फळीवरून काढायचे, उलगडायचे, पुन्हा गुंडाळून वर ठेवायचे. ईद होते आणि उजवा खांदा बोलू लागतो. शिलाई कारीगर, पेंटर आणि मोंढ्यातले हमाल यांचीही हीच तक्रार असते.

खांद्याचा सांधा चार लहान स्नायूंनी धरून ठेवलेला असतो. वरच्या स्नायूची दोरीसारखी कंडरा हाडाखालच्या अरुंद जागेतून जाते. हात खांद्याच्या वर गेला की ती तिथे दाबली जाते. दिवसातून शेकडो वेळा असे झाले की ती दुखावते.

म्हणून पहिला इलाज दुकानाच्या मांडणीत करावा. अस्तर, पॉपलीन, शर्टिंग असा रोज खपणारा माल कंबर आणि छाती यांच्यामधल्या फळ्यांवर ठेवावा, क्वचित लागणारा वर. वरचा तागा स्टुलावर चढून दोन्ही हातांनी, अंगाजवळ धरून काढावा. स्टूल एका चांगल्या ताग्याच्या किमतीत येते. पण रोजंदारीवरच्या माणसाचा हात महिनाभर अडला तर त्याची चूल अडते, हे मालकांनी ध्यानात घ्यावे. शिलाई कारीगराची बैठक अशी हवी की खांदे वर न उचलता कोपर मशीनच्या फळीला लागेल. अर्ध्या तासाने उठावे.

दुखू लागल्यास दोन दिवस जड उचलणे बंद, फडक्यात बर्फ धरून पंधरा मिनिटे शेक. पण हात झोळीत बांधून ठेवू नये, सांधा आखडतो. टेबलावर दुसरा हात टेकून वाकावे आणि दुखरा हात लोलकासारखा हळू हलवावा. पुढे बोटांनी भिंतीवर चढत जावे. झटका देऊन हात ओढणाऱ्या मालीशवाल्यापासून मात्र दूरच राहावे. तकबीरला हात कानापर्यंत जात नसेल तर जमेल तेवढाच उचलावा.

साखरेच्या रोग्यांचा खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते. दोन-तीन आठवड्यांत आराम नसेल तर साखर तपासून डॉक्टरांना दाखवावे. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेऊ नयेत, पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. रोजात डॉक्टरांनी दिलेली गोळी इफ्तारचे जेवण झाल्यावरच घ्यावी.

आणि खांद्याबरोबर छातीत दाटून आले, घाम फुटला, दम लागला तर शेकत बसू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. शटर ओढून तडक दवाखाना गाठावा.