आधी ट्यूब बंद करा

घरात फुलाचा फोटो काढायचा ठरलं की हात आपसूक दिव्याच्या बटणाकडे जातो. ट्यूब लागते, वरचा बल्बही लागतो, आणि फोनमध्ये येतो तो गुलाबाच्या रंगाचा सपाट ठिपका. पाकळीचा उठाव सावलीमुळे कळतो. चहूकडून उजेड आला की सावल्याच पुसल्या जातात. म्हणून सगळे दिवे बंद, बाकीचे पडदे ओढलेले आणि एकच खिडकी उघडी, इथून सुरुवात करावी. दिव्याचा पिवळा आणि आभाळाचा निळसर उजेड एकत्र आला तर पांढरा मोगरा दुरंगी दिसतो, तेही यातून टळतं. ऊन थेट आत येत असेल तर गजांना जुनं पांढरं धोतर बांधावं. पावसाळ्यात हे काम ढग फुकट करतात.

फूल असं ठेवावं की उजेड एका अंगाने येईल. खिडकीपासून दूर जावं तसा उजेड झपाट्याने घटतो. त्यामुळे फूल खिडकीला खेटून आणि मागची गडद चादर चार-पाच फूट लांब असली, की चादर आपोआप अंधारात जाते. सावलीची बाजू फारच काळवंडली तर तिकडे थर्माकोलचा तुकडा उभा करावा. शूटिंगवालेही तेच करतात. आणि पंखा बंद, हे सांगायलाच हवं. कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं, तेवढ्यात पाकळी हलते. फोन डब्यांच्या चळतीला टेकवून टायमर लावला की हाताचा कंपही जातो.

महाग सामानाशिवाय कुठवर जाता येतं, ते अमेरिकन छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅमकडे पाहून कळतं. तीन लहान मुलं सांभाळताना घराबाहेर पडणं अवघड, म्हणून 1920 च्या दशकात कॅलिफोर्नियात तिने घरच्या बागेतली झाडं-फुलं टिपली. 1925 चं तिचं ‘मॅग्नोलिया ब्लॉसम’ कृष्णधवल आहे. एका फुलाने सगळी चौकट व्यापलेली. तिच्याच वर्तुळातल्या एडवर्ड वेस्टनने 1930 मध्ये एक भोपळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. पत्र्यावरून परतलेल्या उजेडाने मिरचीला शिल्पाची गोलाई आली.

आज खरी झटापट फोनशी होते. अंधार ही त्याला चूक वाटते. मागचा काळोख दिसला की तो सगळं चित्र उजळतो आणि पाकळ्या पांढऱ्याफटक करतो. फुलावर बोट दाबून धरावं, फोकस पक्का करावा आणि उजेडाची पट्टी खाली ओढावी. पांढऱ्या भिंतीपुढच्या पांढऱ्या शेवंतीचं उलटं: फोन तिला करडी करतो, तिथे पट्टी वर न्यावी.

लाल जास्वंद सगळ्यात खट्याळ. सेन्सर लाल, हिरवा आणि निळा उजेड वेगवेगळा मोजतो. जास्वंदीत लालाचं माप आधीच भरून वाहतं, मग शिरा-सुरकुत्या जाऊन नुसता रंगाचा थर उरतो. फोटो मुद्दाम थोडा काळसर काढून नंतर उजळावा. किंवा फूल खिडकी आणि फोन यांच्या मधे धरावं. पाकळीतून गाळून आलेल्या उजेडात एकूण एक शीर दिसते. फार जवळ मात्र जाऊ नये. पुढची पाकळी फुगीर दिसते आणि फोनचीच सावली पडते. दोन पावलं मागे सरून दुप्पट झूम बरा.

पाण्यात ग्लिसरिन मिसळून फुलावर टिकाऊ दवबिंदू शिंपडण्याची युक्ती सर्रास चालते. मला ती आवडत नाही. बंद खोलीत दव पडतंच कुठे?

सरावाला झेंडू किंवा शेवंती घ्यावी, दोन्ही दिवसभर तग धरतात. निर्माल्यही टाकण्याआधी खिडकीशी आणून पाहावं. कालच्या जास्वंदीची मिटलेली, पीळ पडलेली सुरळी उमललेल्या फुलापेक्षा फोटोत मला अधिक देखणी वाटते, आणि ती टिपताना घाईही नसते.