जुना लॅपटॉप घेताय? आधी ‘पिढी’ विचारा, मग किंमत

सोयाबीनची पट्टी हातात आली की औसा तालुक्यातल्या अनेक घरांत खर्चाची यादी निघते. बियाण्याची उधारी, ट्रॅक्टरचे भाडे, दुकानाची बाकी. अलीकडे या यादीत आणखी एक ओळ असते : डिप्लोमाला किंवा इंजिनीअरिंगला गेलेल्या मुला-मुलीसाठी लॅपटॉप. नवा, बऱ्यापैकी लॅपटॉप घ्यायचा तर चाळीस-पन्नास हजारांची तयारी लागते. मग ठरते, ‘वीस हजारांत जुना बघू.’

वीस हजार ही किरकोळ रक्कम नाही. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. त्या भावाने हिशेब केला तरी हे पावणेचार क्विंटल सोयाबीन झाले. बाजारात भाव त्याहून कमी मिळाला, तर आणखी जास्त. एवढा माल घालून आणलेला लॅपटॉप वर्षभरात बंद पडला, तर दुसरा घेण्याची ऐपत बहुतेक घरांत नसते. म्हणून जुना लॅपटॉप घेताना काय बघायचे, काय विचारायचे आणि कुठे नाही म्हणायचे, ते समजून घेऊ.

लॅपटॉप खरेच हवा आहे का?

पहिला प्रश्न हाच. ‘नीट’च्या तयारीचे व्हिडिओ मोबाइलवर किंवा टॅबवर बघता येतात. एमएचटी-सीईटी संगणकावर होते, पण संगणक केंद्रावर असतो. घरी स्वतःचा लॅपटॉप असलाच पाहिजे असे नाही.

राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंग परीक्षेचा सराव, एमएस-सीआयटी, वर्ड-एक्सेल, ऑनलाइन अर्ज, कॉलेजचे प्रोजेक्ट, प्रोग्रामिंग शिकणे यासाठी मात्र चांगला जुना लॅपटॉप पुरतो. ऑटोकॅडसारखे मोठे सॉफ्टवेअर किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचे असेल, तर आधी कॉलेजात विचारा : किती रॅम लागते, वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते का? उत्तर मिळाल्यावरच बाजारात जा.

‘पिढी’ म्हणजे काय आणि ती एवढी महत्त्वाची का?

लॅपटॉपमधले बरेच भाग बदलता येतात. बॅटरी, एसएसडी, कीबोर्ड, बऱ्याच मॉडेलमध्ये रॅमही. बदलता येत नाही तो प्रोसेसर. त्यामुळे जुना लॅपटॉप घेताना तुम्ही मुख्यतः दोन गोष्टी विकत घेता : प्रोसेसर आणि सांगाडा. बाकीचे पुढे सुधारता येते.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी नोंदणी करून घेण्याची वाढीव सुरक्षा-अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली. म्हणजे आज घेतलेला लॅपटॉप पुढची चार वर्षे वापरायचा असेल, तर तो विंडोज ११ साठी पात्र हवा. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ही पात्रता साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. एएमडी रायझन असेल तर ३००० मालिका किंवा त्यापुढची पाहा.

पिढी ओळखणे सोपे आहे. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडा. आय३, आय५, आय७ यांच्यापुढचा आकडा वाचा. ८२५० असेल तर पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. ७३०० असेल तर सातवी. आकड्याची सुरुवात १ ने होत असेल तर पहिले दोन अंक घ्या. १०२१० म्हणजे दहावी पिढी, ११३५ म्हणजे अकरावी.

पिढीच्या नावाखाली होणाऱ्या तीन फसगती

पहिली : ‘आय७ आहे, आय५ पेक्षा भारीच.’ हे नेहमी खरे नसते. सातव्या पिढीच्या आय७-७६००यू मध्ये दोन कोअर आहेत. आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू मध्ये चार. इथे आय५ पुढे आहे आणि विंडोज ११ साठी पात्रही तोच आहे.

दुसरी : ‘विंडोज ११ चालतंय की, बघा.’ जुन्या, अपात्र लॅपटॉपवरही तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येते. पडद्यावर ते दिसते, चालते. पण अशा यंत्राला पुढची अपडेट्स मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यामुळे विंडोजचा पडदा बघून भुलू नका, प्रोसेसरचा आकडा बघा.

तिसरी : मॉडेलचे नाव. लेनोवोचा थिंकपॅड टी४७० आणि टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४८० आणि ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी४ आणि जी५ या जोड्या दिसायला सारख्या आहेत. यातले पुढचे मॉडेल बहुतेक वेळा आठव्या पिढीचे असते, पण काही यंत्रांत सातव्या पिढीचा प्रोसेसरही आला होता. मॉडेलवर विसंबू नका, आकडा स्वतः वाचा.

कंपन्यांनी वापरलेले लॅपटॉप का घ्यावेत?

मोठ्या कंपन्या एकाच मॉडेलचे शेकडो लॅपटॉप घेतात, काही वर्षे वापरतात आणि एकदम बदलतात. हा माल घाऊक व्यापाऱ्यांमार्फत दिल्लीतील नेहरू प्लेस, मुंबईतील लॅमिंग्टन रोड, पुणे, बेंगळुरू अशा बाजारांत येतो आणि तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचतो.

थिंकपॅडची टी मालिका, लॅटिट्यूड, एलिटबुक ही यंत्रे मुळातच ऑफिसच्या रोजच्या वापरासाठी बनवलेली. बिजागरी मजबूत असते, खालचे झाकण स्क्रू काढून उघडता येते आणि माल भरपूर असल्यामुळे बॅटरी, कीबोर्ड, चार्जर पुढेही मिळत राहतात. घरगुती स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरी अनेकदा प्लास्टिकमध्ये बसवलेली असते. ती एकदा उखडली की दुरुस्ती महाग जाते.

अगदी पातळ, चकचकीत मॉडेल घेताना एक प्रश्न विचाराच : रॅम बदलता येते का? काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच पक्की असते. तिथे ४ जीबी घेतली तर कायम ४ जीबीच.

किमान काय हवे?

आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि फुल एचडी पडदा. विद्यार्थ्यासाठी ही खालची रेघ धरा. ‘रॅम नंतर वाढवू’ म्हणून ४ जीबी घेणे टाळा, कारण २०२५ च्या अखेरीस रॅमचे दर जगभर चढले. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर प्रोसेसर चांगला असूनही लॅपटॉप रखडतो. तिथे एसएसडीचा खर्च धरूनच भाव करा.

सांगितलेली किंमत आणि खरी किंमत

समजा, एक लॅपटॉप १६ हजारांना आहे. सातवी पिढी, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क, बॅटरी संपलेली. दुसरा १९,५०० ला आहे. आठवी पिढी, ८ जीबी, एसएसडी, बॅटरी बरी. पहिला साडेतीन हजारांनी स्वस्त वाटतो. पण बॅटरीला अडीच हजार, एसएसडीला दोन हजार आणि रॅमला दोन हजार धरले, तर तो साडेबावीस हजारांवर जातो. वर विंडोज ११ साठी अपात्र तो अपात्रच. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या दुकानातले सुट्या भागांचे दर विचारून असाच हिशेब कागदावर मांडा.

पैसे देण्याआधीची तपासणी

दुकानात किमान अर्धा तास काढा. घाई करणाऱ्या दुकानदाराला सांगा, ‘बघूनच घेणार.’ खालचा भाग स्क्रीनशॉट काढून जवळ ठेवा.

१. बॅटरी : दुकानदाराला विंडोजचा ‘बॅटरी रिपोर्ट’ काढून दाखवायला सांगा. ती सोय विंडोजमध्येच असते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे दिसतील. पहिला ६०,००० आणि दुसरा ४२,००० असेल, तर बॅटरी ७० टक्के उरली आहे. भारनियमनाच्या गावात हा आकडा फार महत्त्वाचा. नंतर चार्जर काढून पंधरा मिनिटे चालवून टक्के किती उतरतात तेही पाहा.

२. फुगवटा : लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर उचललेले दिसत असेल, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. ती समोर बदलून मिळत नसेल तर तो लॅपटॉप घेऊ नका.

३. उष्णता : पूर्ण पडद्यावर व्हिडिओ लावा, सोबत आठ-दहा टॅब उघडा आणि वीस मिनिटे चालू द्या. पंखा खरखरतो का, लॅपटॉप आपोआप बंद पडतो का, बघा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. दुकानाच्या एसीत तापणारा लॅपटॉप घरी पत्र्याखाली टिकणार नाही.

४. पडदा आणि बिजागरी : पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे चित्र लावून डाग, रेघा शोधा. झाकण दहा वेळा उघडा-मिटा. कडकड आवाज येतो का, पडदा लुकलुकतो का, पाहा.

५. कळा आणि खाचा : कीबोर्डची प्रत्येक कळ दाबा. टायपिंगचा सराव करायचा असेल तर हे दोनदा करा. कॅमेरा, माइक, स्पीकर, वायफाय तपासा. सोबत पेनड्राइव्ह न्या आणि सगळ्या यूएसबी खाचांत लावून बघा.

६. एसएसडी : ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर एसएसडीची तब्येत टक्क्यांत दाखवते. दुकानदाराला ते चालवायला सांगा.

७. कुलूप : लॅपटॉप सुरू होताना, विंडोज दिसण्याआधीच पासवर्ड मागत असेल तर तो घेऊ नका. दुसरे कुलूप लपलेले असते. कंपनीने यंत्र आपल्या यादीतून काढलेले नसेल, तर विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडताच त्या कंपनीचे लॉग-इन मागितले जाते. म्हणून समोर रीसेट करायला लावा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडूनच सुरुवात करा. वेळ लागेल, लागू द्या.

८. चार्जर : मूळ किंवा योग्य वॅटचा आहे का? किरकोळ दिसणारी ही वस्तू वेगळी घ्यायची झाली तर खर्च वाढतो.

बिल का हवे?

‘बिलाशिवाय हजार कमी’ हा सौदा महाग पडू शकतो. बिलावर मॉडेल, प्रोसेसर आणि सीरियल नंबर लिहून घ्या. लॅपटॉपच्या खालचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे, याची खात्री करा. तोच नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला तर मूळ वॉरंटी कधी संपली ते कळते. त्यावरून यंत्राचे वय समजते.

चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असूनही तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. ओळखीच्या माणसाकडून घेत असाल तरी त्याचे जुने बिल मागा. ते नसेल तर ओळखपत्राची प्रत आणि सहीची पावती घ्या.

वॉरंटी तोंडी नको. किती महिने, कोणत्या भागांवर, बॅटरी त्यात आहे का आणि दुरुस्ती कुठे होणार, हे लेखी हवे. ऑनलाइन हजार-दोन हजार स्वस्त मिळाला तरी बिघडल्यावर तो कुरिअरने दूर पाठवावा लागेल का, ते आधी वाचा. औशाहून लातूर साधारण वीस किलोमीटर. एसटीने जाऊन दुकानदाराच्या टेबलावर ठेवता येणाऱ्या लॅपटॉपची वॉरंटी जास्त कामाची.

दुकानदाराने शब्द फिरवला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचे शुल्क नाही. मात्र शेजाऱ्याने स्वतःचा वापरलेला लॅपटॉप विकला, तर तो व्यवहार सहसा ग्राहक कायद्यात बसत नाही. तिथे तुमची तपासणी हीच वॉरंटी.

बजेट दहा हजारच असेल तर?

सहाव्या-सातव्या पिढीचा, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला कंपनीचा लॅपटॉप बघा आणि त्यावर उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घ्या. या प्रणाली मोफत आहेत आणि त्यांना अपडेट्स मिळत राहतात. वाचन, लेखन, इंटरनेट, प्रोग्रामिंग शिकणे यात भागते. परीक्षेचे किंवा कॉलेजचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारे असेल, तर मात्र हा मार्ग धरू नका. दोन महिने थांबून पैसे साठवणे बरे.

घरी आणल्यावर

गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका. खालची हवेची जाळी बंद होते. धूळ आपल्याकडे कमी नाही, म्हणून वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या. कॉलेजच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा ऑनलाइन जपून ठेवा. आणि वॉरंटीचा पहिला महिना लॅपटॉप कपाटात ठेवू नका, रोज चालवा. दोष असेल तर तो दुकानदाराच्या खर्चात निघालेला बरा.

बैल घेताना आपण दात मोजतो, चालवून बघतो, चार माणसांना विचारतो. पावणेचार क्विंटल सोयाबीन मोजताना तेवढीच चौकशी करा. दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न ‘कितीला?’ नको, ‘कितवी पिढी?’ हा हवा. गिऱ्हाइकाला माल कळतो, हे दुकानदाराला तिथेच समजते. पुढचा भाव मग त्याच हिशेबाने होतो.