बिनतारी मोडेमचा अँटेना : आधीं जागा, मग निवड

इ. स. २०२० सालीं शाळा बंद राहिल्या व पाठ मोबाइलच्या पडद्यावर येऊं लागले. त्या वेळीं कोंकणांतील कित्येक डोंगराळ गांवीं मुलें वह्यापुस्तकें घेऊन टेकडीवर जाऊन बसत. कारण घरांत रेंज मिळत नसे. आतां पुष्कळ घरीं खिशांत मावेल एवढा बिनतारी मोडेम असतो. त्यास बाहेरचा अँटेना घ्यावा काय, आणि घेतल्यास तो कोठें बसवावा, असा प्रश्न विद्यार्थी व पालक यांपुढें उभा राहतो. पैसे व्यर्थ जाऊं नयेत म्हणून आम्ही येथें त्याचा थोडा विचार करणार आहों.

अँटेना नवी शक्ति उत्पन्न करीत नाहीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. कंदिलामागें चकचकीत पत्रा धरला म्हणून ज्योत मोठी होत नाहीं. मागें जाणारा उजेड पुढें वळतो, इतकेंच. अँटेनाचेंही तसेंच आहे. जेथें लहरीच पोंचत नाहींत, तेथें महाग अँटेनाही निरुपयोगी होय.

८५० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारें ३५ सेंटिमीटर, तर १८०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची सुमारें १७ सेंटिमीटर असते. आखूड लहर भिंतींत व झाडींत अधिक अडते. पत्र्याचें छप्पर तर दोहोंसही अडवितें. टेकडीवर जाणाऱ्या मुलांनीं केलें तें शास्त्रदृष्ट्या योग्यच होतें. उंच गेलें कीं टॉवर आणि आपण यांमधील अडथळे कमी होतात.

हाच प्रयोग घरांत करावा. मोडेमच्या माहितीच्या पानावर सिग्नलचा आंकडा दिसतो. तो उणा असतो; उणें ८५ हा उणें १०५ पेक्षां चांगला. दर दहा अंकांस शक्ति दसपट बदलते. अर्थात् या दोहोंत शंभरपट अंतर आहे. कपाटाजवळ, खिडकींत, माळ्यावर, अशा निरनिराळ्या जागीं मोडेम पांच-पांच मिनिटें ठेवून आंकडे वहींत टिपावे. पुष्कळदां मोडेम टॉवरच्या बाजूच्या खिडकींत नेल्यानेंच काम भागतें; तेथून खोलींत वाय-फाय पोंचतेंच. मग एक पैही खर्चावयास नको.

न भागल्यास अँटेना घ्यावा. मात्र तो जोडण्याची सोय मोडेमला आहे काय, हें आधीं पाहावें. कित्येक मोडेमांस ती नसतेच. टॉवर दूर असून त्याची दिशा ठाऊक असेल, तर यागी अँटेना उपयोगी पडतो. जपानांतील सेंदाई येथील शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी यांनीं तो इ. स. १९२६ सालीं जगापुढें मांडला. दूरदर्शनसाठीं घरांच्या छपरांवर लावीत तो काड्यांचा अँटेना याच कुळांतला. प्रवासांत मात्र सर्व दिशांकडून लहरी घेणारा लहान अँटेना बरा. मोडेमला दोन अँटेना लागत असल्यास ते एकमेकांशीं काटकोनांत बसवावे.

जोडणारी केबल आखूड असावी. सामान्य बारीक केबलच्या तीन-चार मीटरांतच १८०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची जवळजवळ निम्मी शक्ति नाहींशी होते. दहा मीटर केबल लावून छपरावर नेलेला अँटेना आपली बहुतेक कमाई वाटेंतच गमावतो.

छपरावरील काम जाणत्या माणसाकडूनच करवावें. अँटेना विजेच्या तारांपासून दूर असावा, त्यास अर्थिंग असावें, आणि गडगडाट चालू असतां त्याला कोणीं हात लावूं नये. विजेवर चालणारा बूस्टर मात्र परवानगीवांचून लावणें भारतांत बेकायदेशीर आहे. त्यामुळें शेजाऱ्यांच्या सेवेंतही व्यत्यय येतो.

सायंकाळीं टॉवरवर गर्दी होऊन वेग मंदावतो, त्यास कोणताही अँटेना उपाय नाहीं. म्हणून आमची विद्यार्थिमित्रांस एवढीच सूचना आहे कीं, वडिलांकडे पैसे मागण्यापूर्वीं वहींतील आंकडे त्यांपुढें ठेवावे. दुकानाची वाट त्यानंतर धरावी.