भुयारी स्थानकांतील सूचना

दगडी उपासनामंदिरांत मंडळी थोडी असली म्हणजे उपदेशकाचे शब्द घुमतात. नाताळच्या दिवशीं तेंच मंदिर भरलें कीं तोच आवाज स्वच्छ ऐकूं येतो. माणसांचीं शरीरें व वस्त्रें ध्वनि शोषून घेतात, उघडा दगड तो परत फेंकतो. लंडनच्या भुयारी रेल्वेचीं जुनीं स्थानकें अशींच आहेत: चोहोंकडे गुळगुळीत लाद्या, लोखंड व कांक्रीट, ध्वनीस मुरावयास जागाच नाहीं.

यांत बळी पडतात तीं व्यंजनें. स्वर जोरकस व दीर्घ, व्यंजनें दुर्बळ व क्षणिक. मागील स्वराचें घुमणें पुढील व्यंजनावर पसरतें. आपल्या भाषेंतील उदाहरण घ्या. 'सात'मधील 'स' बुडाला म्हणजे फलाट सात कीं आठ हें कानास ठरवितां येत नाहीं. आणि प्रवाशास हवा असतो तो नेमका तोच भेद! अशा वेळीं आवाज चढवावा असें कोणासही वाटेल. वर्गांत आम्ही शिक्षकही हेंच करतों. परंतु आवाजाबरोबर त्याचें घुमणेंही तितक्याच प्रमाणांत वाढतें.

या शास्त्राचा पाया हार्वर्ड विद्यापीठांतील वॉलेस सॅबाइन यांनीं घातला. तेथील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहांत उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद रेंगाळत असे. १८९५ सालापासून सॅबाइन यांनीं रात्रीच्या शांततेंत सँडर्स नाट्यगृहांतील गाद्या तेथें आणून मांडल्या, व गाद्या वाढतील तसतसें घुमणें किती घटतें तें मोजलें.

भुयारांत मात्र गाद्या-पडदे चालत नाहींत, कारण अग्नीचें भय. १८ नोव्हेंबर १९८७ रोजीं लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकांत लांकडी सरकत्या जिन्यास आग लागून ३१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. धुरांत डोळे निरुपयोगी होतात. कोणत्या वाटेनें बाहेर पडावें हें तेव्हां कानांनींच कळावयाचें. म्हणून न जळणारी खनिज लोंकर छिद्रें पाडलेल्या पत्र्यांआड बसवितात. शिवाय एका मोठ्या कर्ण्याऐवजीं लहान कर्णे जवळजवळ लावून त्यांचा रोख श्रोत्यांकडे ठेवतात, म्हणजे मूळ शब्द घुमण्याच्या आधीं व त्याहून ठळक असा कानीं पडतो. यांतही एक अडचण आहे. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. त्यामुळें दूरच्या कर्ण्याचा शब्द मागाहून येऊन जवळच्या शब्दांत मिसळतो. यास्तव प्रत्येक कर्ण्याचा आवाज माफकच ठेवावा लागतो.

उरला बोलणारा. त्यानें सावकाश व थोडकें बोलावें. गाडी व फलाट यांमधील फटीविषयीं लंडनच्या रेल्वेनें १९६८ सालीं ध्वनिमुद्रित सूचना सुरू केली. ती मूळ इंग्रजींत तीनच शब्दांची आहे.